सातेरीची पेटी फुटण्याआधी: राणीघरे दिसल्यावर काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. जावळी खोऱ्यात घराच्या परसात सातेरी या देशी मधमाश्यांच्या आठ चौकटींच्या दोन पेट्या आहेत. गेल्या फाल्गुनात एका पेटीतल्या निम्म्या माश्या निघाल्या, आंब्याच्या फांदीला घोस करून लटकल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उडून गेल्या. दुसरी पेटी पंधरवड्याने उघडली तर आत एकही माशी नाही, नुसती जाळी आणि मेणकिड्याच्या अळ्या. यंदा दोन्ही पेट्या माश्यांनी भरल्या आहेत, नर दिसू लागले आहेत आणि एका पेटीत पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरे, म्हणजे नव्या राण्या वाढवायची घरे, आली आहेत. ती मोडून टाकावीत का, आणि माश्या जाऊ नयेत म्हणून काय करावे?

राणीघरे नुसती मोडू नका. या हंगामात बऱ्याच पेट्या याच एका चुकीने संपतात. माश्यांनी वसाहत दोन करायचे ठरवलेलेच आहे, तर ती त्यांच्या आधी तुम्ही दोन करा. आजचे काम एवढेच, पण ते दिवस मोजून करावे लागते.

आधी गेल्या वर्षीचा हिशोब नीट लावू, कारण तुमच्या दोन पेट्यांना दोन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या. पहिली पेटी फुटली. फुटते तेव्हा जुनी राणी निम्म्या किंवा थोड्या अधिक माश्या घेऊन जाते, आणि मागे मध, पिलावा (अंडी, अळ्या आणि कोष), राणीघरे व उरलेल्या माश्या राहतात. ही वाढीची खूण आहे, आजाराची नव्हे. दुसरी पेटी मात्र घर सोडून गेली असावी किंवा फुटल्यानंतर ओस पडली असावी. घर सोडताना सगळ्याच माश्या जातात, मागे पिलावा जवळजवळ उरत नाही, मधही त्या पोटात भरून नेतात. त्यामागे उपासमार, मुंग्या, मेणकिडा, गांधीलमाश्यांचा सततचा हल्ला, दुपारचे थेट ऊन किंवा रोज रोज पेटी उघडणे यातले काहीतरी असते. सातेरी या बाबतीत फार हळवी आहे. मेलिफेरा ही परदेशी पाळीव मधमाशी सहन करते त्या गोष्टींना कंटाळून सातेरी निघून जाते. तिसरी शक्यताही आहे आणि ती बऱ्याचदा लक्षात येत नाही: पेटी फुटली, उरलेल्या माश्या थोड्या, चौकटी मात्र आठच्या आठ तशाच. माश्यांना न झाकता येणाऱ्या चौकटींत मेणकिडा शिरला, नवी राणी मिलनाहून परतली नाही, आणि महिन्याभरात पेटी संपली. रिकाम्या पेटीत जुनी फोडलेली राणीघरे दिसली असती तर हीच गोष्ट घडली असे म्हणता आले असते.

राणीघराचे दिवस

सातेरीची राणी अंड्यापासून बाहेर पडेपर्यंत १५ ते १६ दिवस घेते: ३ दिवस अंडे, ५ दिवस अळी, उरलेले ७-८ दिवस बंद कोषात. कामकरी माशीला साधारण १९-२० दिवस लागतात, नराला २४. यातला लक्षात ठेवायचा आकडा आठवा दिवस. त्या दिवसाच्या सुमारास राणीघराचे तोंड मेणाने बंद होते आणि त्यानंतर पहिल्या चांगल्या उन्हाच्या दिवशी, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, जुनी राणी थवा घेऊन निघते. ढगाळ हवा किंवा गार वारा असेल तर एखाद-दोन दिवस थांबते, एवढेच. म्हणून या दिवसांत पेटी दर सहाव्या-सातव्या दिवशी पाहायची. पंधरा दिवसांनी पाहिलीत तर मधल्या काळात अंडे टाकण्यापासून थवा निघण्यापर्यंत सारे उरकून गेलेले असते.

खुणा एका क्रमाने येतात. आधी पोळ्यांच्या खालच्या भागात नरांची मोठी घरे दिसतात. सातेरीत ती ओळखणे सोपे असते, कारण नराच्या बंद घराचे टोक उंचावलेले असते आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढे भोक असते. नवे मधपाळ हे भोक पाहून रोग समजतात. तो रोग नव्हे. नरांचा पिलावा दिसल्यापासून नियमित तपासणी सुरू करायची. पंचांग किंवा इंग्रजी महिना पाहून नाही, कारण सपाटीवर हा हंगाम दिवाळीनंतरही लागू शकतो आणि घाटमाथ्यावर फेब्रुवारी-मार्च उजाडतो. नरांनंतर पोळ्याच्या खालच्या व बाजूच्या कडेला उलट्या वाटीसारखे राणीघरांचे पाये तयार होतात. रिकाम्या वाट्यांना घाबरू नका, त्या कित्येक आठवडे तशाच राहतात. वाटीत अंडे किंवा पांढऱ्या खाद्यात तरंगणारी अळी दिसली की मात्र निर्णय झाला असे समजा. त्याच सुमारास राणीचे पोट बारीक होते, ती अंडी कमी घालते, आणि कामकरी माश्या चरायला जायच्या ऐवजी दाराशी दाढीसारख्या लोंबकळतात.

राणीघर कुठे आहे, हेही पाहा. कडेला पाच, दहा, कधी त्याहून जास्त आणि वेगवेगळ्या वयाची असतील तर ती फुटण्यासाठीची. पोळ्याच्या मधोमध, कामकरी अळीच्याच घरावरून ओढून खाली वळवलेली असतील तर राणी अचानक मेली आहे. आणि एक-दोनच आहेत, पिलावा विरळ व ठिगळांसारखा आहे, तर माश्या म्हातारी राणी बदलत आहेत. या शेवटच्या बाबतीत हात लावू नका. पेटीचे भले माश्या स्वतःच करत असतात.

घरे मोडल्याने काय होते

समजा तुम्ही आज दहा राणीघरे मोडली. फुटण्याची ओढ तशीच राहते, म्हणून माश्या दोन दिवसांत नवी घरे करतात. माश्यांच्या घोळक्याखाली, चौकटीच्या कोपऱ्यात एखादे घर हमखास नजरेतून सुटते, आणि त्या एका घराच्या भरवशावर थवा निघतो. याहून वाईट म्हणजे पुन्हा पुन्हा मोडत राहिल्यावर कधीकधी माश्या बंद राणीघर नसतानाही निघतात. तोवर राणीने अंडी घालणे थांबवलेले असते. मागे राहिलेल्यांकडे ना राणीघर, ना नवी राणी करता येईल अशी कोवळी अळी. अशी पेटी दिसायला महिनाभर जिवंत असते, पण ती संपलेली असते.

राणीचे पंख कापण्याचा उपाय सातेरीत करू नये. थवा निघतोच, राणी दाराखाली पडते, मुंग्या तिला संपवतात, माश्या परत येतात आणि आठवड्याने कुमारी राणीबरोबर पुन्हा निघतात. दाराला राणीद्वार (कामकरी जातील पण राणी जाणार नाही अशी जाळी) लावून राणी अडवणे हा दोन-तीन दिवस वेळ मिळवण्यापुरता उपाय आहे. पाहुण्यांच्या गर्दीत किंवा गावाला जाताना उपयोगी. जास्त दिवस ठेवले तर बाहेर पडू न शकणारे नर तिथे अडकून मरतात आणि दारच बुजते.

जागा देणे हा खरा प्रतिबंध, पण तो राणीघरे दिसण्याआधी. खालच्या कोठीतल्या सात चौकटी माश्यांनी झाकल्या की वर मधासाठीची कोठी, म्हणजे मधकोठी, चढवावी. काळी पडलेली जुनी पोळी एकेक करून बाहेर काढून मेणपत्रा (पोळे बांधायला पाया म्हणून दिलेला मेणाचा पातळ पत्रा) लावलेल्या चौकटी पिलाव्याच्या कडेला द्याव्यात. सातेरीला नवे पांढरे पोळे बांधायला आवडते, आणि बांधकामात गुंतलेल्या तरुण माश्यांची गर्दी आपोआप विरते. मेणपत्रा सातेरीच्या मापाचाच हवा. मेलिफेराच्या पत्र्यावर घरे मोठी पडतात आणि पोळे वेडेवाकडे बांधले जाते. साखरपाण्याचाही येथे मोठा वाटा आहे. वाढीच्या काळात पाजलेले पाणी पुढे मोहर सुरू झाल्यावरही चालूच ठेवले तर राणीला अंडी घालायची जागा पाकाने भरते, आणि भरल्या पेटीत माश्या तुमच्याच साखरेमुळे फुटतात. बाहेर फुले आली की पाक बंद. मधकोठी चढवल्यावर तर नाहीच, कारण मग मधात साखर येते.

पेटी दोन करणे

आता मुख्य काम. ज्या पेटीत राणीघरे आहेत तिच्याबद्दल लिहितो. रिकामी पेटी, मेणपत्रे लावलेल्या चार चौकटी, एक अडफळी (पेटीतली मोकळी जागा वेगळी करणारी फळी), धुराडे, पक्ष्याचे मऊ पीस आणि पाण्याचा फवारा एवढे जवळ असू द्या. धुराड्यात वाळके शेण, गोणपाटाचा तुकडा किंवा नारळाची शेंडी. रॉकेल किंवा प्लॅस्टिक चुकूनही नको. सातेरीला धूर बेताचा द्यायचा. दारात दोन फुंकर, झाकण उचलल्यावर वरून एक. जास्त दिला तर माश्या पोळ्यावरून धावत सुटतात आणि राणी सापडत नाही. वेळ सकाळी नऊ ते अकरा. या वेळी चरणाऱ्या माश्या बाहेर असल्याने पेटीत गर्दी कमी असते. नवे पोळे उन्हात मऊ होते, म्हणून चौकट आडवी धरू नका. ती उभीच धरून फिरवायची.

राणी शोधा. ती ज्या चौकटीवर आहे ती चौकट माश्यांसकट नव्या पेटीत ठेवा. त्या चौकटीवर एकही राणीघर राहता कामा नये, म्हणून कडा न कडा तपासा. तिच्या जोडीला बंद पिलाव्याची एक चौकट आणि मध व परागाची एक चौकट द्या. मग जुन्या पेटीतल्या आणखी दोन चौकटींवरच्या माश्या नव्या पेटीत झटका. या चौकटी झटकण्यापूर्वी राणीघरे नाहीत याची खात्री करा, कारण राणीघर असलेली चौकट झटकली तर आतली कोवळी राणी घराच्या भिंतीवर आपटते आणि पंख चुरगळलेली किंवा मेलेली निघते. राणीघराच्या चौकटीवरून माश्या पिसानेच हलवायच्या. नव्या पेटीत शेवटी मेणपत्र्याची एक चौकट, मग अडफळी. दार दोन माश्या एकदम जातील एवढे लहान ठेवा. ही पेटी जुन्या जागेपासून दहा-पंधरा फुटांवर, तोंड दुसरीकडे करून ठेवा.

असे का, ते समजून घ्या. चरणाऱ्या सगळ्या माश्यांना जुनी जागा पाठ असते, त्या तिथेच परततात. राणीच्या नव्या पेटीत फक्त तरुण माश्या उरतात; गर्दी नाही, बाहेरून मकरंद आणणारे कोणी नाही, त्यामुळे राणीची फुटण्याची ओढ मोडते आणि ती आठवड्यात पुन्हा अंडी घालू लागते. थवा निघाल्यावर नेमके हेच होते, फरक एवढाच की राणी तुमच्या परसात राहते. झटकून जास्तीच्या माश्या द्यायच्या त्या याचसाठी, की उडून परतणाऱ्यांची भरपाई व्हावी. पहिले दोन दिवस तिथे बाहेर जाणारे फार कमी असतात, म्हणून मधाची चौकट विसरू नका आणि संध्याकाळी पेटीच्या आत पावशेर साखरपाणी द्या. साखर आणि पाणी समान. एक थेंबही बाहेर सांडू देऊ नका, नाहीतर दुसरी पेटी लुटायला येते.

जुन्या जागेवरच्या पेटीत एकच राणीघर ठेवा. निवडायचे ते शक्यतो उघडे, म्हणजे आतली जाड अळी आणि भरपूर पांढरे खाद्य डोळ्यांनी दिसते. बंद घर आत जिवंत आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. मात्र सगळीच बंद असतील तर सर्वांत मोठी, खडबडीत, सरळ लोंबणारी अशी दोन ठेवा, शक्यतो एकाच चौकटीवर शेजारी शेजारी. बाकी सगळी काढा. चौकटीच्या वरच्या पट्टीला टाचणी खोचून कोणते घर ठेवले, ते खुणावून ठेवा.

यानंतर सहाव्या दिवशी हीच पेटी पुन्हा उघडायची, आणि हा दिवस चुकवायचा नाही. राणी गेल्यावर माश्या पेटीतल्या कोवळ्या अळ्यांवर आणखी राणीघरे उभारतात. सहा दिवसांनी पेटीत नवी राणी होऊ शकेल एवढी कोवळी अळी शिल्लक नसते, त्यामुळे त्या दिवशी काढलेली घरे पुन्हा येत नाहीत. त्याआधी काढली तर पुन्हा येतील, आणि फार उशीर केला तर एकापाठोपाठ कुमारी राण्या बाहेर पडून भरलेली पेटी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फुटेल. सातेरीत असे लागोपाठचे लहान थवे निघून मूळ पेटी मूठभर माश्यांवर येणे नेहमीचे आहे. सहाव्या दिवशी खुणेचे घर सोडून बाकी सगळी काढा. चौकटी एकेक करून, पिसाने माश्या बाजूला सारून पाहा.

राणीच्या पेटीतही सातव्या दिवशी डोकवा. तिथे चुकून नवे राणीघर असेल तर ते मात्र नुसते मोडले तरी चालते, कारण तिथली ओढ आधीच मोडलेली असते.

राणी सापडलीच नाही तर? सातेरीची राणी काळसर, चपळ, आणि उजेड पडला की कडेला पळणारी. अर्धा तास शोधून पेटी विस्कटू नका. सातेरीच्या मापाची राणीरोधक जाळी आणि एक रिकामी कोठी घ्या. पिलाव्याच्या चार चौकटी, राणीघराच्या चौकटीसकट, पिसाने माश्या झाडून रिकाम्या कोठीत ठेवा. दोन पिलाव्याच्या चौकटी खालीच राहू द्या, त्यांवरची राणीघरे काढून. खालच्या कोठीवर जाळी, तीवर ही कोठी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पिलाव्याची काळजी घेणाऱ्या माश्या जाळीतून वर आलेल्या असतात, आणि राणी नक्की खाली असते. मग खालची कोठी उचलून नव्या जागी, वरची कोठी तळपाटावर जुन्या जागी. पुढचे सगळे वर लिहिल्याप्रमाणे.

वाट पाहण्याचे दिवस

नवी राणी बाहेर पडायच्या एक-दोन दिवस आधी माश्या राणीघराच्या टोकावरचे मेण कुरतडतात आणि आतला तपकिरी कोष दिसू लागतो. त्यानंतर साधारण पाच ते आठ दिवसांत ती मिलनाला उडते, आणि आणखी दोन-तीन दिवसांत अंडी घालते. या पंधरा दिवसांत पेटी उघडायची नाही, हलवायची नाही, तिचे तोंड फिरवायचे नाही, समोर नवी वस्तू ठेवायची नाही. परतताना राणी पेटीची जागा खुणांवरून ओळखते. समोरची दोरी आणि वाळत घातलेली चादर एवढ्यानेही ती शेजारच्या पेटीत शिरून मरते. बाहेरून पाहत राहा: कामकरी पायांवर पराग घेऊन येत असतील तर गाडी रुळावर आहे.

नवी राणी राणीघरातून बाहेर पडल्यापासून चौदाव्या दिवसाच्या आसपास उघडून अंडी शोधा. सूर्य पाठीशी घेऊन घराच्या तळाशी पाहायचे. उभे अंडे म्हणजे आजचे, कललेले कालचे, आडवे पडलेले तिसऱ्या दिवसाचे. तीन आठवड्यांनंतरही अंडी नसतील तर दुसऱ्या पेटीतली अंडी व कोवळ्या अळ्यांची चौकट द्या. राणी नसेल तर तीन-चार दिवसांत त्यावर राणीघरे दिसतील, असेल तर दिसणार नाहीत. एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, असे दिसले तर कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. सातेरीत हे मेलिफेरापेक्षा फार लवकर होते. अशा पेटीला नवी राणी देण्याची खटपट करू नका, ती राणीवाल्या पेटीत मिसळून टाका.

या सगळ्या काळात माश्या झाकतील तेवढ्याच चौकटी पेटीत ठेवा. पाच झाकत असतील तर पाच, मग अडफळी. बाकी पोळी बाहेर काढून नीट गुंडाळा किंवा वितळवा. दर आठवड्याला तळपाट झाडा. कचऱ्यातच मेणकिड्याची पहिली पिढी वाढते. घडवंचीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या भरलेल्या असू द्या, आणि त्यांना टेकणारे गवताचे पाते कापून टाका, मुंग्यांना तेवढा पूल पुरतो.

थवा निघालाच तर

फांदीवर लटकलेला घोस काही तास, कधी एक-दोन दिवस तिथे थांबतो. त्या वेळात शोधक माश्या नवी जागा पाहत असतात. पोटात मध भरलेला आणि राखायला पिलावा नाही, म्हणून या माश्या सहसा शांत असतात. तरी आधी खात्री करा की ती सातेरीच आहे. मोठ्या, लांबट माश्यांचा हातभर घोस उंच फांदीवर किंवा इमारतीच्या छज्जाला असेल तर तो आग्या असू शकतो, आणि त्याच्या वाटेला कुणीही जाऊ नये. शेजाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. माशी चावली तर काटा नखाने खरवडून काढावा; श्वास लागला, तोंड सुजले किंवा अंगभर गांधी उठल्या तर क्षणभर न थांबता दवाखाना गाठावा.

घोसावर पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे माश्या दाटून बसतात. त्याच्या वर टेकेल अशी वेताची टोपली किंवा काळ्या कापडाची पिशवी उलटी धरा आणि खालून किंचित धूर द्या. माश्या अंधाराकडे वर चढतात. घोस हाताने ओरबाडू नका. टोपली सावलीत ठेवा, सूर्य कलल्यावर पेटीत घाला. पेटीत मेणपत्र्यांबरोबर उघड्या पिलाव्याची, म्हणजे जिवंत अळ्यांची, एक चौकट दुसऱ्या पेटीतून आणून ठेवा. पकडलेली सातेरी दुसऱ्या दिवशी निघून जाते ही सगळ्यांची तक्रार असते, आणि अळ्यांची चौकट हा तिच्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. माश्या उपाशी अळ्या सोडून सहसा जात नाहीत. तीन-चार संध्याकाळी पावशेर साखरपाणी द्या. पहिल्या मोठ्या थव्याला तीन-चार दिवस राणीद्वार लावा, अंडी दिसली की काढा. पण थवा लहान असेल, मूळ पेटी आठवड्यापूर्वीच एकदा फुटलेली असेल, तर त्यात कुमारी राणी आहे. तिथे राणीद्वार लावलेत तर ती मिलनाला जाऊ शकणार नाही आणि पेटी कायमची वांझ होईल.

मूळ पेटी मात्र त्याच दिवशी उघडून राणीघरे एक-दोनवर आणा, नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा शिडी काढावी लागेल. रिकामी पेटी आतून जुन्या मेणाने घासून, माणसाच्या डोक्यापेक्षा थोड्या उंचीवर, सावलीत टांगून ठेवली तर सुटलेला एखादा थवा स्वतःहून येऊन बसतो. परका थवा तुमच्या पेट्यांपासून लांब ठेवा आणि महिनाभर त्याची चौकट इकडे आणू नका. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती नष्ट केल्या होत्या. पोळ्यात अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या फुगून, तोंड वर करून मेलेल्या दिसल्या तर त्या पेटीतून काहीही दुसरीकडे न्यायचे नाही.

मधाचे काय

दोन पेट्यांच्या चार झाल्या तर मध बुडणार का, हा पुढचा प्रश्न असतोच. तुमच्याकडे जांभूळ मार्चअखेरीस-एप्रिलमध्ये फुलते, मागोमाग हिरडा. आज घातलेल्या अंड्यातली कामकरी चरायला बाहेर पडेपर्यंत साधारण चाळीस दिवस जातात. उघडे राणीघर ठेवून १ फेब्रुवारीला पेटी दोन केली, तर नवी राणी २२ फेब्रुवारीच्या सुमारास अंडी घालेल आणि त्या माश्या एप्रिलच्या सुरुवातीला जांभळावर असतील. म्हणून विभाजन माघात झाले तर मध जवळजवळ जात नाही, चैत्रात झाले तर जातो.

पेट्या वाढवायच्या नसतील तर जांभूळ फुलण्याच्या आठवडाभर आधी दोन्ही भाग पुन्हा एक करा. राणीची पेटी रोज हातभर सरकवत जुन्या जागेजवळ आणा. जुनी राणी काढा. त्याच संध्याकाळी नव्या राणीच्या कोठीवर वर्तमानपत्राचे एक पान अंथरा, त्याला टाचणीने दहा-बारा भोके पाडा आणि वर दुसरी कोठी ठेवा. दोन-तीन दिवसांत माश्या कागद कुरतडून दाराबाहेर टाकतात, तोवर दोन्हींचा वास एक झालेला असतो आणि मारामारी होत नाही. मग चौकटी नीट लावून मधकोठी चढवा. अशा पेटीत यंदाची राणी असते, आणि वर्षाच्या आतल्या राणीची पेटी पुढच्या हंगामात फुटायला तितकी उतावीळ नसते.

राणीघरे मार्चच्या शेवटी, ऐन मोहरात दिसली तर राणी दोन चौकटींवर बाजूला काढून लहान पेटीत ठेवा आणि जुन्या पेटीत एकच राणीघर राखा. पिलावा थांबल्याने अळ्यांना भरवण्याचे काम संपते आणि आलेला मकरंद थेट मधकोठीत जातो. हिरड्याचा मध मेअखेरीस काढाल तेव्हा खालच्या कोठीतल्या मधाला हात लावू नका. जूनपासून पावसाचे चार महिने त्या माश्यांना बाहेर फारसे काही मिळत नाही, आणि घर सोडून जाण्याचे सर्वांत जास्त प्रसंग त्याच काळात येतात.